बाबांसाठी नवी फांदी

आई, तुझे दोन्ही हात धरून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझे गुडघे कसे आहेत?

आज कोर्टात पोलिसांचा वकील म्हणाला, "जुनं कशाला उकरता?" आमच्या वकीलबाई ताडकन म्हणाल्या, "घटनेनं दिलेला हक्क मागतोय, भीक नाही!" मग गोऱ्यांच्या राजवटीत नोकरीला असलेल्या एका म्हाताऱ्या पोलिसानं कबूल केलं. बाबांना तुरुंगात नाही, नदीकाठच्या एका गोठ्यात मारलं.

म्हणजे आपल्या रीतीप्रमाणे काटेरी फांदी घेऊन तू त्यांचा आत्मा तिच्यावर बसवून घरी आणायला तुरुंगाच्या दाराशी गेलीस, तेव्हा ते तिथे नव्हतेच.

शनिवारी मी आणि काका नवी फांदी घेऊन गोठ्यावर जातोय. परतताना बसमध्ये फांदीवरच्या बाबांना खिडकीची जागा देऊ. काका वाटभर त्यांच्याशीच बोलतील.

दार उघडं ठेव. उशीर केला म्हणून बाबांवर चिडू नकोस. पत्ता आपल्याला खोटा दिला होता.

तुझी झुकिस्वा