हवारावाचा आवाज

भुसावळ,
४ फेब्रुवारी

चि. रुपचंदास,

अक्काचे आशीर्वाद. इकडे सारं ठीक. गुडघे कुरकुरतात, पण ते आता घरातलेच झाले. भरताची वांगी पाठवली आहेत. फोन लावत नाही, पत्रच बरं.

रेल्वेच्या प्रशिक्षण केंद्रात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरतंय. तू तिथे शिकवायचास, आणि गावात आता मीच, म्हणून मला बोलावलं. कपाटातून व्हॅक्यूम ब्रेकवरची ती कार्टूनची फिल्म निघाली. असले ब्रेक आता कुठल्या गाडीला नाहीत, पण फिल्म शाबूत. तोच ढेरपोट्या हवाराव नळीच्या भोकातून आत शिरतो, गाडी थांबवतो आणि मिशीला पीळ देत म्हणतो, "आते मी घुसनू! आते बठ्ठी गाडी मनी शे!"

साहेबांनी शुद्ध मराठीत 'आता सगळी गाडी माझी आहे' असं लिहून दिलं होतं, तू ऐनवेळी अहिराणीत ठोकून दिलंस. फिल्म लावून पाहिली तेव्हा तिथली आताची शिकाऊ पोरंही खो खो हसली. नळीत हवा शिरली की ब्रेक लागतो, हे मलासुद्धा कळलं. इतकी वर्षं मी उलटंच समजत होते.

मीही हसले. मग बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं.

फिल्ममधला आवाज खरखरतो, म्हणून काढून नवा भरायचा असं त्यांचं चाललंय. दिपमाला नावाची मुलगी ते काम बघते. तिने विचारलं, "काकू, हा आवाज कोणाचा?"

"माझ्या भावाचा."

"मग त्यांनाच पुन्हा बोलवू या ना!"

घशाचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढलं, एवढं तिला सांगितलं. घरी आल्यावर तू पाटीवर लिहून लिहून डिंपलला फोनमधले तुझे सगळे आवाज पुसायला लावलेस, हे नाही सांगितलं. तुझ्या लेकीने रडत पुसले रे ते. आता तिच्या मुलीला आजोबा बोलायचे हेच खरं वाटत नाही.

तेव्हा तुझा आवाज जगात त्या ढेरपोट्यापाशी तेवढा उरलाय. तो काढू नका, असं मी लेखी देऊन आले. तुला विचारलं नाही. खुशाल चीड.

फिल्म रविवारी प्रदर्शनात दाखवतील. डिंपल मुलीला घेऊन येतेय. तूही ये. मागच्या खुर्चीवर बस, कोणाशी बोलायला नको. नाही आलास तरी फिल्म लागेल, आणि पोर ऐकेल.

धाकटा म्हणून लहानपणापासून सगळ्यांनी तुझंच ऐकलं. आता पुरे.

तुझं न ऐकणारी, पण तुला ऐकणारी,
अक्का