खिडकी मनात नव्हती

आई,

सौदीतल्या जुबैलच्या त्या फ्लॅटमध्ये भर दुपारी दिवे लावावे लागायचे, ते आठवतं का तुला? आखाती युद्ध चालू होतं, कुवेतमध्ये तेलाच्या विहिरी पेटल्या होत्या. वारा आपल्याकडे फिरला की आभाळ काळं होऊन यायचं आणि दोरीवरच्या कपड्यांवर तेलकट काजळी बसायची. बाबा समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवर होते. तो बंद ठेवता येत नव्हता, आणि आपले पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे बाबांना तिथे नोकरीवर आणणाऱ्या मालकाकडे. शेजारचं आपल्याच रत्नागिरीचं कुटुंब मक्केला नातेवाइकांकडे निघून गेलं, आपण राहिलो. विषारी वायूच्या भीतीनं बेडरूमच्या खिडकीला टेप लावली होती. क्षेपणास्त्राचा सायरन वाजला की दाराखाली ओला टॉवेल सारून तिथे बसायचं.

त्या खोलीत तू मला तुझ्या जर्मन तत्त्वज्ञाबद्दल सांगायचीस. लग्नामुळे अर्धा राहिलेला तुझा प्रबंध त्याच्यावर होता. संगीत सुंदर का वाटतं यावर त्यानं आयुष्यभर लिहिलं, आणि तुझ्या म्हणण्याप्रमाणे त्याच्या देशातही त्याला फार कुणी ओळखत नसे. सूर हवेत नसतोच, असं तो म्हणायचा. मागचा सूर धरून ठेवत मन पुढचा आधीच ऐकून बसलेलं असतं. मी विचारलं, मग सायरन? तू म्हणालीस, तो पुढे कुठे जातच नाही, नुसता वरखाली होतो.

आणि मग ती एक दुपार. सायरन वाजलेलाच नाही. मी खिडकीखालच्या पलंगावर चित्र रंगवतेय, बाबा ड्यूटीवरून येऊन बाहेरच्या खोलीत जेवायला बसलेत. तू दारात येऊन मान तिरकी करून उभी राहतेस, तंबोरा लावताना राहायचीस तशी.

"हा सूर कुठून येतोय?"

बाबा उठून एसी बंद करतात. कसलाच आवाज नाही. तू भिंतीला कान लावतेस, मग खिडकीकडे बघतेस, आणि तुझा चेहरा असा होतो की मला तुझीच भीती वाटते. चढायला लागला, असं पुटपुटत तू मला दंडाला धरून पॅसेजमध्ये ओढतेस आणि दार लावून घेतेस. बाबा चिडून काही बोलणार, तेवढ्यात घर हादरतं. सायरन त्यानंतर वाजला. दार उघडलं तेव्हा माझ्या उशीत काचा उभ्या रुतल्या होत्या, टेपसकट.

पुढे कितीतरी दिवस बाबा तुला खोदून विचारत राहिले. शेवटी म्हणाले, युद्धानं माणसाचं डोकं फिरतं, मनाचे खेळ असतात. तू भांडी घासत होतीस, वळलीही नाहीस.

"मनातच होता. पण खिडकी मनात नव्हती."

त्यानंतर तू ना त्या तत्त्वज्ञाचं पुस्तक उघडलंस, ना तंबोऱ्याची कॅसेट लावलीस. रत्नागिरीला परतल्यावरही कधीतरी भाजी निवडता निवडता तुझी मान तिरकी व्हायची, आणि ती सरळ होईपर्यंत मी श्वास धरून ठेवायची. पुन्हा कधीच काही झालं नाही. तू गेलीस तीही झोपेत, शांतपणे.

आता तुझा तो तत्त्वज्ञ मी कॉलेजात शिकवते. एखादी मुलगी विचारतेच, एकट्यालाच ऐकू येणारा सूर असतो कुठे? मी स्वप्नाचं उदाहरण देऊन पुढे जाते. तुझी गोष्ट अजून कुणाला सांगितलेली नाही. सांगितली तर मन पुढचं आधीच ऐकतं हे त्याचं म्हणणं खरं ठरेल, आणि मग मलाही कान देऊन बसावं लागेल, याची मला भीती वाटते.