बक्षीस तिचंच होतं

बर्फ संपलाय, ट्रे भरून ठेव. सोफ्याखाली माझा दात सापडेल. इस्त्रीवाल्याकडे तुझे चार शर्ट आहेत. टीव्हीसमोर काचा आहेत, अनवाणी जाऊ नकोस.

दुपारचा वाद अर्धाच राहिला, तो पुरा करते. त्या जुन्या सिनेमात नवरा थोबाडीत मारतो आणि ती बाई गालाला हातसुद्धा न लावता आधी उतू जाणारं दूध उतरवते. तू म्हणालास, "असं कुणी करतं होय? बक्षीस देणाऱ्यांची डोकी फिरली होती!" मी म्हणाले, "तू जन्मात एकदा रंगमंचावर उभा राहिलास, तोही झाड म्हणून. तुला काय कळतंय अभिनयातलं!" एवढंच म्हणाले.

आधी रिमोट आला. मग मूठ. मग केस धरून माझं डोकं टीव्हीवर आपटलंस आणि चपला घालून निघून गेलास.

मी उठले तेव्हा हनुवटीवरून रक्त गळत होतं. मी आधी काय केलं असेल? तुझा चहा सांडला होता, तो पुसला. गालिच्यावर डाग राहील म्हणून दोनदा पुसला. तेव्हा कळलं, त्या बाईनं किती अचूक काम केलंय. बक्षीस तिचंच होतं.

कुठे जातेय ते लिहीत नाही. किल्ली शेजारच्या काकूंकडे आहे. त्यांनी भिंतीपलीकडून सगळं ऐकलंय.

लग्नाआधी हाच सिनेमा आपण थिएटरात पाहिला, तेव्हा त्या दुधाच्या प्रसंगाला तू हमसून हमसून रडला होतास.