थोरलीचा तारा

आई, तुझ्या थोरल्या महालक्ष्मीच्या नक्षत्राने यंदा माझं डोकं फिरवलं. तुझ्या नातीची सोयरीक पुणतांब्याला जमत आली होती. मुलगा चांगला, दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलेलं, म्हणजे आम्ही फक्त मान डोलवायची होती. तेवढ्यात मध्यस्थाचा फोन आला. "पत्रिकेत जरा अडचन हाय. पोरगी ज्येष्ठा नक्षत्रावरची निघाली. थोरल्या दिराला जड जातंय म्हणत्यात." मी विचारलं, जड म्हणजे किती? तर अगदी गंभीरपणे, "जिवावर." मग त्याने मला सगळा हिशेब समजावला. मूळ नक्षत्राची सून सासऱ्याला वाईट, आश्लेषेची सासूला, विशाखेची धाकट्या दिराला. चार नक्षत्रांनी अख्खं सासर वाटून घेतलंय, आई. आपल्या भावकीला एक बांध इतका नीट वाटता आला नाही. शेवटी उपायही त्यानेच सुचवला. "जन्माची येळ थोडी मागं घ्या. अनुराधात बसती पोरगी. कोन बघायला आलंय?"

कोण म्हणजे? तू होतीस की! भाद्रपदातला लक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. पंगती उठल्यात, घरभर पुरणाचा वास, आणि थोरलीच्या निऱ्या सुटल्यात म्हणून तू तोंडात टाचण्या धरून तिला पुन्हा साडी नेसवते आहेस. आत तुझ्या सुनेला कळा सुरू होतात. मी जीप दारात आणून हॉर्न वाजवतो, तर तू टाचण्यांच्या फटीतून म्हणतेस, "थांब रे, थोरलीला अशी अर्धवट सोडून येऊ व्हय?" मी ओरडतो. तू माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडतेस. निऱ्या पुऱ्या होतात, तेव्हा कुठे आपण नेवाशाच्या दवाखान्यात पोचतो. दिवेलागणीला पोरगी झाली. दुसऱ्या दिवशी गुरुजी पंचांग उघडून म्हणाले, नक्षत्र बरं नाही, शांत करावी लागेल. तू पदर खोचलास. "काल ह्याच नक्षत्रावर माझ्या लक्ष्म्या जेवल्या, अन् तुमी पहिल्या पंगतीला हुता. पोळी खाताना बरं हुतं का नक्षत्र?" गुरुजी उपरणं सावरत निघून गेले. त्या एका वाक्यावर मी आयुष्यभर लेख लिहीत आलोय. तुला कधी सांगितलं नाही एवढंच. पण तू खरंच कमाल केली होतीस. ज्या नक्षत्रावर सोन्याच्या पावलांनी लक्ष्मी घरात जेवायला बसते, त्याच नक्षत्रावर हाडामांसाची मुलगी आली तर तिला दोष? हा घोळ घालायला आपलीच माणसं पाहिजेत.

रागाच्या भरात मी त्या ताऱ्याचीच चौकशी केली, स्थळाची करतात तशी. आकाशातल्या विंचवाच्या काळजाशी जो तांबूस ठिपका दिसतो, तो हा. ग्रीकांनी त्याला मंगळाचा प्रतिस्पर्धी म्हटलं, रंग तसाच म्हणून. अरबांनी विंचवाचं काळीज म्हटलं. आपण ज्येष्ठा म्हणालो, म्हणजे थोरली. आकार विचारशील, तर आपल्या सूर्याच्या जागी ठेवला तर पृथ्वी आणि मंगळ दोन्ही त्याच्या पोटात जातील. पण हा सगळा फुगवटा. वरचे थर आपल्या हवेपेक्षाही विरळ, आणि पृष्ठभाग सूर्याहून थंड. शेजारी एक लहान निळसर जोडीदार आहे, पण याच्या झगमगाटात तो बिचारा कुणाला दिसतच नाही. आणि कहर म्हणजे ही थोरली वयाने सूर्यापेक्षा कितीतरी लहान. फार मोठे तारे भराभर जळतात आणि लवकर संपतात म्हणे. फुगलेला, लालबुंद, वरवर मोठा आणि वयाआधीच थोरला झालेला. हे वाचताना मला राहून राहून मुलाच्या मोठ्या भावाचीच आठवण येत होती. पुणतांब्याच्या स्टँडवर त्याचा फ्लेक्स आहे, त्यात तो कुठेच नसलेल्या निवडणुकीच्या शुभेच्छा देतोय.

तुझी नात मात्र हसली. "बाबा, वेळ हलवायची नाही. त्यांच्या थोरल्याला सांगा, हेल्मेट घालून फिरा." एवढं बोलून ती आत भांडी घासायला गेली, आणि बराच वेळ नळ नुसताच वाहत राहिला. त्या आवाजाने मी ठरवलं, पाहुण्यांना लक्ष्म्यांच्या जेवणालाच बोलवायचं.

आले सगळे. थोरल्याने पोळ्या किती खाल्ल्या ते सांगत नाही. खाणाऱ्याच्या पोळ्या मोजू नयेत, हे तुझंच. सूर्य बुडाल्यावर मी त्याला गच्चीवर नेलं. ढग सरले होते. नैर्ऋत्येला अर्धा चंद्र, आणि त्याच्या कुशीत तो तांबडा ठिपका. मी बोट दाखवलं.

"हीच का ती? एवढीशी?"

मी त्याला आकार सांगितला, वय सांगितलं, आणि जरा चव घेत हेही सांगितलं की ही एक दिवस फुटणार आहे.

"कवा?"

"आज फुटेल, नाहीतर लाखो वर्षांनी. आज फुटली तरी आपल्याला दिसायला पाचशेच्या वर वर्षं लागतील."

त्याने पुन्हा एकदा वर बघून घेतलं. मग ढेकर देऊन म्हणाला, "मग तवर लगीन उरकून घेऊ की, पाव्हणं. आईला मी सांगतो." मी ज्याच्यावर वर्षभराचे विनोद साठवून ठेवले होते, त्याने माझ्या हातून ते असे काढून घेतले.

आणि मग आम्ही खाली उतरलो. आपल्या जिन्याला अजून कठडा नाही, तुला ठाऊकच आहे. तो पुढे, मी मागे, आणि पहिल्याच पायरीवर मी त्याचा दंड घट्ट पकडला. शेवटच्या पायरीपर्यंत सोडला नाही. तो म्हणाला, "अहो, मला दिसतंय की." मी म्हणालो, पायऱ्या ओल्या आहेत. पायऱ्या कोरड्या होत्या.

गुरुजींना घालवून दिलंस, त्याच संध्याकाळी तू पोरीवरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या होत्यास. मी चिडवलं, तर म्हणालीस, "हे दिष्टीचं हाय, नक्षत्राचं न्हाई." मी तेव्हा खूप हसलो होतो. हे पत्र मुखवट्यांच्या डब्यात तुझ्या थोरलीखाली ठेवणार होतो. पण तू गेल्यापासून दर भाद्रपदात तो डबा तुझी सूनच उघडते, आणि पायऱ्या ओल्या होत्या असं मी तिलाही सांगून बसलोय.