शांत दिसणारा पट्टा

४ नोव्हेंबर

रिसॉर्टच्या साहेबांनी आज माझ्या बोलण्यातलं एक वाक्य काढून टाकलं. "बाकी सगळं छान आहे हो. तेवढं दाराचं नको."

बोट लागली की पाहुण्यांना मांडवात बसवायचं, गार रुमाल द्यायचे, शहाळी द्यायची, आणि ती पिऊन होईपर्यंत मी बोलायचं. हे माझं काम. खडकावर अनवाणी जाऊ नका, प्रवाळाने पाय कापतो आणि ती जखम लवकर भरत नाही. ढग असले तरी टोपी घाला. नळाचं पाणी पिऊ नका. खिडकीत फळं ठेवू नका, कावळे आत येतात. ओले कपडे अंधाराआधी आत घ्या. आणि शेवटी दाराचं: दोन्ही बाजूंना लाटा फुटतात आणि मधला एक पट्टा शांत दिसतो, तिथे उतरू नका. किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच परत बाहेर जातं. ओढले गेलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, आडवे पोहा.

त्या पट्ट्याला आम्ही दार म्हणतो. नवीन कॉटेज नेमकी त्याच्यासमोर बांधली आहेत. माझं ऐकून दोन कुटुंबांनी खोली बदलून मागितली.

"लोक इथे आरामाला येतात," साहेब म्हणाले. "घाबरायचं तर घरी बायको आहे, बँक आहे." मी हसले. नको होतं हसायला.

"लाल निशाण तरी राहू द्या."

"ते फोटोत येतं."

५ नोव्हेंबर

वाक्य गाळून बोलले. कोणाला काही कमी वाटलं नाही. सगळे शहाळी पीत होते.

७ नोव्हेंबर

किनाऱ्यावरच्या रक्षकाला आम्ही शिट्टी म्हणतो. त्याला आजपासून पोहण्याच्या तलावावर बसवलंय — कमरेएवढ्या पाण्याची राखण. दुपारी शिट्टीने पाहुण्यांची झोप मोडते, अशी तक्रार होती.

जेवताना म्हणाला, "आता मी निळ्या फरशा सांभाळतो. एकही बुडू देणार नाही." मग ताटात बघत, "तू दाराचं सांगत नाहीस हल्ली."

"नको म्हणून सांगितलंय."

"मग ठीक आहे."

ठीक नव्हतं. पण त्याच्या घरी चार तोंडं आहेत, माझ्या घरी आई आहे. भात संपवला आणि दोघं उठलो.

९ नोव्हेंबर

धाकटी बहीण येतेय. फोन आईला केला, मला नाही. ती, नवरा आणि मुलगी. आईने फोन ठेवला आणि लगेच पाहुण्यांची गादी उन्हात टाकली.

संध्याकाळी पुन्हा फोन. नव्या कॉटेजमध्ये उतरणार आहेत. "अगं आई, हिला उकाडा सोसत नाही. आणि तुला उगाच त्रास."

आईने गादी आत आणली. नुसती झटकत राहिली.

१० नोव्हेंबर

मावशी तिला शिकायला शहरात घेऊन गेली तेव्हा धाकटी पाच वर्षांची होती. मावशीच्या घरात एकीपुरतीच जागा होती. मी थोरली. थोरलीने राहायचं असतं, हे कोणी सांगितलं नाही, कोणाला सांगावं लागलं नाही.

पुढच्या वर्षी बाबांनी माझ्या कमरेला दोरी बांधली आणि मला दारात सोडलं. "ओढ अंगाला कळली पाहिजे. डोक्याला कळून उपयोग नाही." कळली. पाण्याने हात धरून नेल्यासारखी नेली — जोर नाही, घाई नाही. बाबांनी ओढून घेतलं तेव्हा कमरेवर वळ उठला होता. त्याच वर्षी धाकटी शाळेच्या संमेलनात परी झाली. परीचा फोटो अजून भिंतीवर आहे. वळाचा कोण काढतो.

आईचं औषध, आईचे गुडघे, गळकं छप्पर — माझं. दर वर्षी पार्सलने येणारी साडी — तिची. आई शेजारणीला दाखवते ती साडी.

१४ नोव्हेंबर

आली.

पाहुण्यांत कोणी ओळखीचं असलं तरी ओळख दाखवायची नाही, असा आमच्याकडे नियम आहे. नियम मला आज पहिल्यांदा आवडला. गार रुमाल पुढे केला. "थँक्यू, ताई," म्हणाली. हल्ली सगळ्याच पाहुण्या मला ताई म्हणतात. तिचं त्यातलं होतं की आपलं, कळलं नाही.

पहिल्या रांगेत बसली. केसांत काळा चष्मा, मांडीवर मुलगी, शेजारी भावजी. बाकीचे फोटो काढत होते, ही वर्गात बसल्यासारखी ऐकत होती. या बेटाचं पाणी पिऊन जिने पहिले दात आणले, तिला मी सांगत होते — नळाचं पाणी पिऊ नका. आणि ती मान डोलवत होती! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

बोलणं जिथे संपतं, म्हणजे पूर्वी जिथे दाराचं यायचं, तिथे मी थांबले. आणि पदरचं एक वाक्य घातलं. लेकी बोले सुने लागे.

"बेटावर कोणाच्या घरी गेलात, तर त्यांनी पुढे केलेलं पाणी नाकारू नका. उकळलेलं असतं. आणि नाकारलेलं लागतं माणसाला."

धाकटी खाली बघू लागली. मला बरं वाटलं. साहेब मागेच उभे होते. रागावतील म्हणून वाट पाहिली. "सुंदर शेवट केलात," म्हणाले. "हाच ठेवा."

१५ नोव्हेंबर

सकाळी घरी आले, तासभर. आईने सगळ्यात चांगले पेले काढले होते. भाचीने बाटली मागितली. धाकटीने तिला डोळ्यांनी दटावलं, पेला तिच्या तोंडाला लावला, मग स्वतः प्यायली. भावजी तर दोन पेले प्यायले.

"काल सांगितलंय ना," भावजी म्हणाले माझ्याकडे बघून. "ही म्हणते, बेटावर ताईचं ऐकायचं. मी तर घरी हिचं ऐकतो, इथे तुमचं. माझं कोण ऐकतं ते विचारू नका."

आई हसली. कितीतरी दिवसांनी. मला वाटलं, टोमणा परत करतायत. मी कपबश्या उचलल्या.

माणूस वाईट नाही. मोडक्या खुर्चीत मुद्दाम बसले, आईला बसू दिलं नाही. बाबांच्या होडीचं विचारलं. तलावात रोज पोहतात म्हणे, लहानपणापासून. दंड दिसतात तसे.

ते गेल्यावर आई म्हणाली, "दाराचं सांगितलंस ना तिला?"

"तिला काय सांगायचं? इथलीच ना ती? माशाच्या पिलाला पोहायला शिकवतात का?"

"सांगून ठेव गं."

"तुझी लाडकी आहे, तूच सांग."

आई गुडघे धरून उठली आणि पेले धुवायला गेली.

१६ नोव्हेंबर

भावजी दुपारी दारात उतरले. कॉटेजच्या पायऱ्या उतरलं की समोरच ते पाणी, सगळ्यात शांत. किनाऱ्यावर कोणी नव्हतं. धाकटीचं ओरडणं तलावापर्यंत गेलं तेव्हा शिट्टी धावला. तो सांगतो, सरळ किनाऱ्याकडे पोहत होते. चांगले पोहणारे तसंच करतात, झगडतात. त्याने आडवं, आडवं म्हणून हात केले. भावजींनीही हात केला. त्यांना वाटलं असेल, हा धीर देतोय.

शिट्टी पोचेपर्यंत वर कोणी नव्हतं.

१७ नोव्हेंबर

कोळ्यांनी आणलं.

साहेब कचेरीच्या पायरीवरच भेटले. डोळे लाल होते, खोटं कशाला लिहू. हळू आवाजात म्हणाले, "सूचना आपण सगळ्यांनाच देतो. दिल्या होत्या ना तुम्ही?"

मी हो म्हटलं. दिल्या होत्या. टोपीची दिली, कावळ्यांची दिली.

१८ नोव्हेंबर

धाकटी आईकडे आहे, त्या गादीवर. बोलत नाही. मुलगी तिचा पदर सोडत नाही.

मी चुलीशी बसून आईला म्हटलं, तिला दार ठाऊक होतं, तिने त्यांना जाऊ कसं दिलं?

आईने भाताखालचं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "दोरी तुला बांधली होती. ती तेव्हा इथे कुठे होती?"

१९ नोव्हेंबर

बोट आली. मी गेले नाही. आज मांडवात काय सांगितलं, कोणी सांगितलं, विचारलं नाही.

२१ नोव्हेंबर

धाकटी आज बोलली. मी पाणी घेऊन गेले, तिने पेला घेतला, प्यायली नाही. भिंतीकडे बघत म्हणाली —

"ते विचारत होते, इथे उतरलं तर चालेल का. मी पहिल्या रांगेत बसले होते, ताई. एकेक शब्द ऐकला होता. म्हटलं, जा. ताई नको म्हणाली नाहीये."