दांड्याचं वय

लातूर, १४ सप्टेंबर

प्रिय शिवा,

गावाकडच्या हणमंतरावांनी जीपमधून फिरंगी भाला आणून दिला. बारा वर्षांत माहेरून आलेली ही पहिलीच वस्तू. सोबत तुझी चिठ्ठी: "ताई, चारशे वर्षांचं हाय म्हणून लिहून दे. दसऱ्याला लई पाहुणे बोलावलेत." मी कशी आहे हे विचारायला कागद पुरला नसेल.

लहानपणी दसऱ्याच्या आदल्या दिवशी आई आणि मी तो चिंचेनं घासायचो. एकदा पूजा झाली की बायकांनी हात लावायचा नाही, मग मिरवायचा तू. त्यामुळे वरचं टोक, खालचं कुऱ्हाडीचं पातं, मागचा आकडा, सगळं माझ्या बोटांना पाठ आहे. आता तर संग्रहालयात असली हत्यारं ओळखायचाच मला पगार मिळतो. अण्णांना हे सांगायचं राहून गेलं. ते गेल्याचंही मला कुणी कळवलं नाही.

तर ऐक. चारशे वर्षांपूर्वी युरोपातले लोहार असलं पातं ठोकून घडवायचे. ते मुळाशी जाड आणि धारेकडे पातळ होत जातं. आपलं पातं पत्र्यासारखं सगळीकडे तीन मिलिमीटर. नक्षीही हातानं काढलेली नाही, छापील नमुन्यावरून तेजाबानं उठवलेली आहे. साहेबांच्या दिवाणखान्यात भिंतीला लावायला अशा नकला बनायच्या. फार तर एकशे चाळीस वर्षं. पणजोबांनी लढाईत हिसकावला म्हणे! कुठल्यातरी लिलावात घेतला असेल. आधी मला हसू आलं, मग संताप. याच भाल्याकडे बोट दाखवून अण्णा म्हणाले होते, असल्या घराण्याची पोर त्या जातीत देणार नाही.

दांडा मूळचाच आहे, असंही तू लिहितोस. शिवा, तो किनवटच्या सागाचा आहे. बुडाशी देगलूरच्या गुरुपादप्पा सुताराची खूण आहे. त्याचं वय सांगायला मला भिंग लागत नाही. बारा वर्षं. आधीचा दांडा आपल्या अंगणात आनंदराजच्या खांद्यावर मोडला, आणि तो तुझ्या हातात होता. माझ्या नवऱ्याचा उजवा हात अजून वर जात नाही. रोज सकाळी शर्ट मी घालून देते.

तू मागितलेला दाखला सोबत जोडला आहे. पात्याचं वय लिहिलंय, दांड्याचंही, आणि दांडा का बदलावा लागला तेही. पाहुण्यांसमोर मोठ्यानं वाच. तुला जमणार नसेल तर राहू दे. दसऱ्याला आम्ही दोघं येतोय, आनंदराज वाचेल. कागद तो डाव्या हातानं धरतो.

अजूनही तुझीच ताई,
सुकन्या