पुंजाजीची सुधारणा

नांदुरा, ६ मे १९६३
फलाटावर अफूने भरलेली पेटी धरली! एक्साइजचा सब-इन्स्पेक्टर म्हणून किती दिवस कुजायचे? आता प्रमोशन कोण अडवतो बघू. पेटीवर धामणगाव बढ्याचा पुंजाजी नावाचा म्हातारा बसला होता. टेकाले जागा नव्हती, म्हणतो. खिशात हरभऱ्याएवढी अफू निघाली. केस पक्की.

७ मे
कोर्टाने कोठडी दिली. त्याची बायको झुंबरबाई रडते. जवानीपासूनची सवय हाय, एकदम तोडली तं मरन तो, तिळाएवढी द्या, म्हणते. याला सुधारून दाखवायचेच. उदाहरण म्हणून मीही चहा सोडला.
संध्याकाळी डोके फार दुखले. अर्धा कप घेतला. अर्धा कप म्हणजे चहा नव्हे.

८ मे
पुंजाजीच्या नाकाडोळ्यांतून पाणी. पश्चात्ताप सुरू.
स्टेशनवरच्या भज्यांनी माझे पोट बिघडले. डॉक्टर किसनरावांच्या मिक्श्चरने लगेच आराम. हेच म्हाताऱ्यालाही देतो, म्हणाले. मी म्हटले, आरोपीला औषध नको, इच्छाशक्ती हवी. निदान पेटीतली थोडी द्या, म्हणाले. पेटीला सील आहे. ते खामगावच्या साहेबांसमोरच फुटणार.

९ मे
त्याला उलट्या, जुलाब. शरीर शुद्ध होत आहे. हवालदार निवृत्ती म्हणे, पानी बी टिकून नाही राह्यलं पोटात. निवृत्ती फार हळवा.
साहेब परवा येणार. कोट इस्त्रीला दिला. पोट बरे आहे, तरी मिक्श्चर चालूच. सवय नव्हे, खबरदारी.

१० मे
पुंजाजी एकदम शांत. ओरडत नाही, मागत नाही. सुधारला! उद्या साहेबांना दाखवीन.

११ मे
पुंजाजी पहाटे गेला.
साहेबांनी पेटी उघडून पाहिली. माल सरकारी कारखान्यात जाईल म्हणाले, औषधे करायला. माझ्या कोटाकडे पाहिलेही नाही. प्रेत नेताना झुंबरबाईने विचारले, एवढ्या पेटीतली तिळाएवढी कमी झाली असती, तं कोनाले समजलं असतं? फार वाईट वाटले.

१२ मे
मिक्श्चरमध्ये काय असते, डॉक्टरांना विचारले. अफूचा अर्क, म्हणाले.
बाटली मोरीत ओतायचा पक्का निश्चय. मोरीपर्यंत गेलोही. तेवढ्यात पोटात कळ आली. एकच डोस उरला होता, वाया कशाला घालवायचा?
निवृत्तीला नवी बाटली आणायला पाठवले आहे.